गटचर्चेत गुणवंत मुलेच का बोलतात?

प्रश्न :
मी नववीला विज्ञान शिकवते. चर्चेसाठी चार-चार जणांचे गट केले की परीक्षेत पुढे असणारी मुले बोलत राहतात आणि बाकीची त्यांचे उत्तर वहीत उतरवून घेतात. गट समान पातळीच्या मुलांचे करावेत की मिश्र? आणि चर्चेत गप्प राहणाऱ्या मुलाला विषय कळलेला नाही, असे मानावे का?

प्रतिसाद १ :
यिपिंग लू व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अभ्यासात मागे असलेली मुले मिश्र गटात अधिक शिकतात, मध्यम मुले आपल्या बरोबरीच्यांत अधिक शिकतात आणि पुढे असलेल्यांना गटरचनेने फारसा फरक पडत नाही, असे दिसले. मिश्र गटात पुढचा मुलगा शिक्षक होतो, मागचा विद्यार्थी होतो आणि मधल्याला कोणतीच भूमिका उरत नाही; म्हणून आपल्या वर्गातील मध्यम मुलांकडे आधी लक्ष द्यावे, असे मला वाटते.

प्रतिसाद २ :
रचनेपेक्षा बोलण्याचा प्रकार महत्त्वाचा आहे. नोरीन वेब यांच्या संशोधनानुसार कारणांसह समजावून सांगणाऱ्याचे शिकणे पक्के होते, तर अडलेल्या मुलाला नुसते तयार उत्तर मिळाले तर त्याचा लाभ होत नाही. आपण वर्णन केलेली उतरवून घेण्याची सवय नेमकी हीच अडचण आहे. समजावून घेतलेल्या मुलाने तीच रीत लगेच दुसऱ्या उदाहरणावर स्वतः वापरून पाहावी, असा नियम करून पाहा.

गप्प राहण्याविषयी समाजशास्त्रज्ञ एलिझाबेथ कोहेन यांचे काम अवश्य पाहावे. कोण हुशार आहे याविषयी वर्गात जे मत रुजलेले असते, त्यावर कोणाला बोलायला मिळते हे ठरते आणि जो अधिक बोलतो तो अधिक शिकतो. म्हणजे आधीची दरी चर्चेमुळेच रुंदावू शकते. त्यामुळे मौनावरून समज मोजणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ती :
मग गप्प मुलांना बोलते कसे करावे? थेट नाव घेतले की ती अधिकच आक्रसतात.

प्रतिसाद २ :
पाठ्यपुस्तकात तयार उत्तर नसलेले काम द्यावे, ज्यात मांडणी, निरीक्षण, आकृती काढणे, शंका विचारणे अशी निरनिराळी कौशल्ये लागतील. गप्प मुलाने त्यातले काही खरोखर चांगले केले, तर नेमके काय केले आणि त्याचा गटाला कसा उपयोग झाला, हे सर्वांसमोर सांगावे. कोहेन यांनी हाच मार्ग सुचवला आहे. मात्र कौतुक खरे हवे; खोटे कौतुक मुले लगेच ओळखतात. चर्चेआधी प्रत्येकाला आपले मत लिहायला दोन मिनिटे दिलीत, तर बोलताना त्यांच्या हाती काहीतरी असेल.