शेवटची पानं फाटलेली कमांडो कादंबरी

नवी पेठेत रद्दीत २० रुपयाला घेतली, कव्हर नाही, शेवटची पानं गायब, मधे शेंगाचटणीच्या तेलाचा डाग. बर्फात नऊ जण जर्मन कारखाना उडवायला निघालेत, दरीत उतरतात आन् तिथंच संपलं की बे! असलं खरं घडतं का, का सगळं फेकाफेकी?

↳ घडलंय की. जर्मनांच्या ताब्यातल्या नॉर्वेतला व्हेमोर्कचा कारखाना, फेब्रुवारी १९४३. अणुबॉम्बसाठी जर्मनांना जड पाणी (जड हायड्रोजनचं पाणी) पायजे होतं ते तिथं तयार व्हायचं. पुलावर पहारा म्हणून नॉर्वेचीच कमांडो पोरं दरीत उतरली, नदी ओलांडून परत वर चढली, केबलच्या बोगद्यातनं आत. सुमारे ५०० किलो जड पाणी वाहून गेलं, एक गोळी नाही झाडली. वात पेटवणार तेवढ्यात वॉचमन म्हणतो माझा चष्मा सापडंना, तर हे शोधत बसले!

↳ चष्म्याचं लेखकानं लिहिलं असतं तर आपणच हसलो असतो 😄

↳ मुद्दाम एक टॉमीगन (छोटी मशीनगन) टाकून गेले, ब्रिटिशांचं काम वाटावं म्हणून, गावकऱ्यांवर सूड नको.

↳ भारी! रद्दीवाल्याकडं परत जातो, पानं पोत्यात असतील तर.