अनुभव धागा: छत खाली केलेला पॉपअप आणि आतला चालू फ्रिज

खमंगकाकडी
मेमोरियल डेचा लाँग वीकेंड आलाय. समोरच्या आजोबांनी काल गॅरेजमधून नारिंगी एक्स्टेंशन कॉर्ड ओढत आणून कॅम्परला लावली आणि मला आमचा जुना पॉपअप आठवला, म्हणजे गाडीमागे ओढायचा, छत खाली करून मिटणारा कापडी भिंतींचा कॅम्पर. (विकला कधीच. पोरं मोठी झाली, कॅनव्हासमध्ये कोण झोपतंय आता!)

आई साताऱ्याहून आली होती त्या उन्हाळ्यातलं. नवऱ्याने आदल्या दिवशीच फ्रिज घरच्या करंटवर लावून छत खाली केलं होतं. सकाळी आई डबे घेऊन हजर. "अगं, बंद आहे हा. आवाज कुठे येतोय?" म्हटलं याला कॉम्प्रेसरच नसतो. पटेना. कॅम्परच्या बाहेरच्या भिंतीत फ्रिजमागे जाळी असते, तिच्याशी हात धरायला लावला तेव्हा म्हणाली, "मागनं तापतंय म्हणजे आत गारठत असणार." आणि दाराच्या खालच्या अर्ध्या फटीतून वाकून श्रीखंडाचा डबा सरकवला आत. गुडघेदुखी वगैरे सगळं विसरून.

तर लिहा. कॅम्पर मिटलेला असताना फ्रिज चालवता का? कशावर, घरच्या करंटवर, गॅसवर की 12 व्होल्टच्या बॅटरीवर?

घाटमाथा
चालवतो, पण फक्त घरच्या करंटवर. जाळ्या बाहेरच्या भिंतीत असतात, छत खाली असलं तरी उष्णता बाहेर पडते. एकदा जाळ्यांपुढे काही येत नाही ना ते बघून घ्या, मॉडेलप्रमाणे फरक पडतो. गॅसवर मात्र मिटलेला असताना अजिबात नाही. मागे ज्योत, शेजारी दाबून बसवलेल्या गाद्या आणि कॅनव्हास. आमच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट नाही म्हटलंय.

सांडगेमिरची
आई भारी आहेत 😄 श्रीखंडाला ग्रीक योगर्ट की चक्का?

खमंगकाकडी
ग्रीक योगर्टच, पण रात्रभर फडक्यात टांगून. नाहीतर पातळ होतं.

बाराबंदी
थोडं ज्ञान पाजळतो. हा अमोनियाचा फ्रिज. उष्णता द्यायची, अमोनिया पाण्यातून सुटतो, पुढे द्रव होतो, हायड्रोजनमध्ये उडताना थंडावा देतो, परत पाण्यात विरघळतो. हलणारा भागच नाही, मग आवाज कुठून येणार? स्टॉकहोममधल्या फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये काढला. आइन्स्टाइननेही झिलार्डबरोबर बिनमोटरचा फ्रिज केला होता, 1930 चं अमेरिकन पेटंट आहे.

तुरीचं_वरण
आइन्स्टाइनने केला असता तर निदान आमचा दुपारी तीन वाजता तरी गार राहिला असता. फिनिक्समध्ये राहतो. बाकी समजून घ्या.

बाराबंदी
@तुरीचं_वरण जाळीवर ऊन येत असेल तर कॅम्परचं तोंड फिरवून उभा करा. ती बाजू सावलीत हवी.

उंबरठा
मुलीला क्लासला सोडून गाडीत बसून टाइप करतेय, चुका पोटात घाला. लेव्हल!!! आमचा ड्राइव्हवे उतरता आहे. आत सगळं पातळ पदार्थाच्या उतारावर चालतं, कॅम्पर कलला की अमोनिया अडतो. मग करंट चालू, दिवा चालू, मागे गरम, आणि आत कोमट. एका चाकाखाली लाकडी फळ्या, पुढचा जॅक फिरवून लेव्हलच्या नळीतला बबल मधोमध आणायचा, मगच प्लग लावायचा. खूप दिवस कलता चालवला तर कायमचा बिघडतो म्हणतात.

पावशेर
गार व्हायला किती वेळ लागतो नक्की? आम्ही नवीन आहोत यात. शुक्रवारी निघतोय.

घाटमाथा
घरच्या फ्रिजसारखा दोन तासांत होत नाही. पूर्ण एक दिवस धरा, निदान आदली रात्र तरी. आत जे जाईल ते आधीच घरच्या फ्रिजमधून गार झालेलं हवं. आम्ही रिकाम्या जागेत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या कोंबतो. आत थर्मामीटर ठेवा, 40 फॅरनहाइटच्या खाली आला की दूध-मटण भरा. आणि दार मिटल्यावर उघडतं का ते आजच बघा! काहींचं ओट्यामागे अडकतं, मग आधी भरून घेऊनच छत खाली करावं लागतं.

पावशेर
बघितलं. अडकतंय. 🙏

ऋणानुबंध
वाटेत आम्ही 12 व्होल्टवर ठेवतो. तो गार करत नाही, गार असलेलं टिकवतो इतकंच. साधारण 10 अँपिअर खातो, म्हणजे गाडी बंद करून जेवायला गेलात की कॅम्परची बॅटरी चार-पाच तासांत बसली समजा. थांबलं की स्विच बंद करायचा, हे काम आमच्याकडे सासऱ्यांकडे आहे. ते पेन्शनीत आहेत, शिस्तीत करतात.

तळ्यात_मळ्यात
जर्सीहून व्हर्जिनियाला जाणाऱ्यांसाठी, बॉल्टिमोरच्या बोगद्यांतून प्रोपेनच्या मोठ्या टाक्या नेऊ देत नाहीत. पूर्वी तिथल्या 'की ब्रिज' नावाच्या पुलावरून जायचो, तो 2024 च्या मार्चमध्ये पडला. आता 695 हायवेवरून पश्चिमेकडचा वळसा. तिथल्या ट्रॅफिकमध्ये आमचं इडलीचं पीठ फुगून झाकणाबाहेर आलं होतं. म्हणजे फ्रिज किती गार होता ते कळलंच असेल.

सांडगेमिरची
कॅम्पिंगला इडलीचं पीठ??

तळ्यात_मळ्यात
बायको मुंबईची, सासर मद्रासचं असावं असं वागते. असो.

उंबरठा
अस्वलांचं कोणी लिहिलं नाही. पॉपअपच्या भिंती कापडी, म्हणून योसेमिटी नॅशनल पार्कात तो तंबूतच धरतात. फ्रिज कितीही गार असो, खाणं लोखंडी लॉकरमध्येच. यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला तर पॉपअपला जागाच देत नाहीत, टणक भिंती लागतात. बुकिंगआधी वाचा. क्लास सुटला, पळते.

पावशेर
फळ्या मिळाल्या, कॉर्ड जाड आहे. आता घरच्या 15 अँपच्या सॉकेटला कॅम्परचा 30 चा प्लग बसत नाहीये. डेट्रॉइटच्या आसपास कोणाकडे जास्तीचा अडॅप्टर आहे का?

खमंगकाकडी
आमच्याकडे पडून आहे. त्यावर फक्त फ्रिज चालवा, एसी लावू नका. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करते, आठनंतर या, त्याआधी आमच्याकडे जेवणं चालू असतात.