मदत हवी आहे: लाकडाच्या शेगडीचा धूर घरात उलटतोय (उत्तर विस्कॉन्सिन)

मंडळी, नमस्कार. आम्ही व्हिलास काउंटीत, ईगल रिव्हरपासून थोडं आत, तळ्याकाठच्या जुन्या केबिनमध्ये राहतो. आतापर्यंत उन्हाळ्यापुरतं येणं व्हायचं, यंदा पहिल्यांदाच अख्खा हिवाळा इथे काढायचा आहे. मेपलची पानं केव्हाच झडली, आता टॅमरॅक पिवळेधमक झालेत (सुया असलेलं झाड असूनही पानगळ करतं, बघत राहावं असं), म्हणजे बर्फ यायला फार वेळ नाही. डॉक (होडी लावायचा धक्का) शेजाऱ्यांच्या मदतीने पाण्याबाहेर ओढला, बाहेरच्या नळाचा होस सोडवून ठेवला, उंदरांच्या वाटा स्टीलवूल कोंबून बुजवल्या. राहिली ती शेगडी, आणि तिनेच छळ मांडलाय.

शेगडी पोलादी, पाइप ६ इंची. पाइप थोडा वर जातो, मग काटकोनात वळून भिंतीतून बाहेर पडतो. बाहेर टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड), आणि तिथून दुहेरी भिंतीचं स्टेनलेस धुरांडं उत्तरेच्या भिंतीलगत वर. टी-पासून टोपीपर्यंत जेमतेम ११ फूट. पेटवताना सगळा धूर खोलीत. तापली की बरी चालते, पण लाकूड सरकवायला दार उघडलं की पुन्हा भपकारा. संध्याकाळपर्यंत काच काळीठिक्कर. धुराचा अलार्म कोकलतो आणि कुत्रं सोफ्याखाली जाऊन बसतं.

आता सरपण. ओक आहे, एक पूर्ण कॉर्ड (४ बाय ४ बाय ८ फूट, म्हणजे १२८ घनफूट). देणाऱ्याने 'वाळलेलं आहे' असं छातीठोक सांगितलं होतं. ओलावा मोजायचं मीटर टोचलं तर बाहेरून १८ टक्के. तोच ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचलं तर २९! दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या तर खणखणत नाहीत, धप्प वाजतात. आगीत टाकलं की टोकांना फेस येतो आणि सूंऽऽ करत बसतं. आई चिपळूणची, तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "मृगाआधी पडवीत भरलं नाही की सरपण असंच रडतं." निदान अचूक, पण मला पडवीही नाही आणि मृगही गेला.

तर विचारायचं असं की दोष लाकडाचा की धुरांड्याचा? हे ओक यंदा जाळावं का? आणि धुरांडं स्वतः साफ करता येतं का? इथले साफ करणारे थेट डिसेंबरची तारीख देताहेत. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद (मिनेसोटा, डुलुथजवळ):
दोन्हींचा. आधी फुकटातली चाचणी करा. शेगडीजवळची खिडकी इंचभर उघडून पेटवा. धूर कमी झाला तर घर हवा मागतंय. बाथरूमचा किंवा स्वयंपाकघरातला पंखा चालू असेल तर तो धुरांड्यातूनच हवा खेचतो, पेटवताना बंद ठेवा. दुसरं, दुर्बिणीने टोपीची जाळी बघा. ओल्या लाकडाची काजळी सगळ्यात आधी तिथेच बसते, कारण तिथेच पाइप सगळ्यात गार. जाळी बुजली की खाली तुम्ही काहीही करा, धूर परतणारच.
बाहेरच्या भिंतीवरचं धुरांडं सकाळी गारठलेलं असतं. आतली थंड हवा जड होऊन खाली बसते आणि धुराला वर जाऊ देत नाही. म्हणून जाड लाकडं खाली, बारीक काटक्या वर, आणि आग वरून लावा. वरची ज्योत आधी पाइप तापवते. बर्चची साल मिळाली तर काडीपेटीनंतर दुसरं काही लागत नाही.

प्रतिसाद (मिशिगन, होटन):
ओक यंदा अजिबात जाळू नका. ओकला फोडून, रचून दोन उन्हाळे तरी द्यावे लागतात. २० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत ते घर तापवत नाही, स्वतःतलं पाणी उकळत बसतं. आणि तो गार, ओला धूर पाइपला चिकटून क्रिओसोट, म्हणजे पेट घेणारा काळा चिकट थर होतो. धुरांड्याला आग लागते ती त्यानेच. ओकच्या राशीवर पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळणारे लोक बघितले की मला राहवत नाही.
यंदासाठी उभं सुकलेलं अ‍ॅश शोधा. पन्नाकिड्याने, म्हणजे एमराल्ड अ‍ॅश बोररने, इतकी झाडं मारलीत की कुणी ना कुणी कापतच असतं. त्यातही बुंध्याचा तळ ओला निघतो, मीटर लावूनच घ्या. घ्यायचं ते आसपासचंच, लांबून आणलेल्या लाकडातून कीड पसरते. पाइन वाळलेलं असेल तर बिनधास्त जाळा. पाइनने धुरांडं खराब होतं हा समज आहे, खराब होतं ते ओल्या लाकडाने.

प्रतिसाद (पुणे):
एक बाळबोध प्रश्न. एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा हीटर का नाही लावत?

धागाकर्ता:
आहे की, प्रोपेनची भट्टी आहे. पण तिचा पंखा विजेवर चालतो, आणि ओल्या बर्फाने फांदी तारेवर पडली की वीज गेली समजा. घराखालचे पाण्याचे पाइप गोठू नयेत म्हणून तरी शेगडी हवीच.
खिडकी उघडून बघितली. फरक पडला, पण पूर्ण नाही. दुर्बिणीतून जाळी अर्धीअधिक काळी दिसतेय, मधमाश्यांचं जुनं पोळं लटकावं तशी. आता प्रश्न असा की खालून, टी-चं झाकण काढून ब्रश घालता येईल का? छपराला पत्रा आहे आणि सकाळी त्यावर दहिवर गोठलेलं असतं, वर चढायची माझी तयारी नाही.

प्रतिसाद (मिनेसोटा, डुलुथजवळ):
येतो, बहुतेक जण तसंच करतात. ६ इंची पॉली (प्लास्टिकच्या केसांचा) ब्रश घ्या, स्टेनलेसला तारेचा नको. फायबरग्लासचे रॉड एकाला एक जोडत वर सरकवायचे. फिरवायचे ते फक्त घड्याळाच्या दिशेने! उलटे फिरवलेत की आटे सुटतात आणि ब्रश वरच राहतो. शेगडीचं दार आणि हवेची झडप बंद, टी-खाली पिशवी बांधा. पडणारी काजळी भुकटी असेल तर ठीक. काचेसारखी चकचकीत, कडक पापुद्रे निघाले तर थांबा, ते ब्रशचं काम नाही. जाणकाराने बघेपर्यंत पेटवू नका. टोपीची जाळी मात्र खालून साफ होत नाही. शिडी भिंतीला लावून पोचता येत असेल तर दुपारी, ऊन आल्यावर, खाली एकाला उभं करून.

प्रतिसाद (मिशिगन, होटन):
११ फूट कमीच आहे. शेगडीच्या माहितीपुस्तकात किमान उंची दिलेली असते, बहुतेक ठिकाणी १५च्या आसपास. शिवाय छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट वर, हा नियम तपासा. तुमचं छपराच्या कण्यापेक्षा खाली असेल तर वारा सुटला की धूर खालीच दाबला जाणार. त्याच कंपनीचा तुकडा वाढवा, वेगवेगळ्या कंपन्यांचे सांधे बसत नाहीत. छपराच्या वर ५ फुटांपेक्षा जास्त गेलं तर आधाराचे दांडे लागतात. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीबाहेर आहे ना? धुराचा वेगळा, हा वेगळा.

धागाकर्ता:
अलार्म आहे, बॅटरी आजच बदलली. माप घेतलं, धुरांडं कण्यापेक्षा फूटभर खालीच निघालं, म्हणजे वाढवणं आलंच. पाइपवर कंपनीचं नाव पुसलंय, फक्त पट्टीवर एक आकडा उरलाय, फोटो टाकतोय. कोणाला ओळखता आलं तर सांगा. हरणांच्या शिकारीचा हंगाम लागला की शिडीवाले शेजारी जंगलात गडप होतील, त्याआधी तुकडा हातात हवा.