रिटायर झाल्यावर आम्ही दोघं मिशनला लिटल अंदमानला जायलोत, तिथलं रोजचं जगणं कसंय?

गोदाकाठ (जालना):
नमस्कार मंडळी. ह्यांची शाळेची नोकरी मे मध्ये संपली, मी नर्स होते ती तीन वर्षं झाली रिटायर होऊन. चर्चतर्फे आम्हाला दीड वर्षासाठी लिटल अंदमानात हट बे ला सेवेला जाता का म्हणून विचारलं आणि आम्ही हो म्हणलं. प्रार्थना करूनच हो म्हणलंय त्यामुळं जावं का नको हा प्रश्न नाही. पण मुलगा रोज फोन करून म्हणतो आई ह्या वयात कशाला, पप्पांना शुगर, तुझा गुडघा, आणि मला त्याला नीट सांगता येत नाही कारण मलाच माहीत नाही तिथं सकाळी उठल्यावर नेमकं काय असतं. कुणी राहून आलंय का? खाणं, पाणी, दवाखाना, घरी बोलणं होतं का, सगळं सांगा. आणि ज्वारी मिळते का हो, ह्यांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटतच नाही.

परतूरची मावशी:
ताई, तुमचं वाचलं आणि डोळ्यात पाणीच आलं. आम्ही दोघं हट बे लाच दोन वर्षं राहून मागच्या वर्षी परत आलाव.

पहिली गोष्ट उजेडाची. घड्याळ आपलंच पण सूर्य लई आधी. पाचला फटफटीत उजाडतं आणि थंडीच्या दिवसात संध्याकाळी पाच सव्वापाचला अंधार. पहिला महिना आम्ही सातला जेवून आठला झोपत होतो. मग सवय लागली, साडेचारला उठायचं, चहा, दोघांची प्रार्थना, मग हे चर्चसमोरचं अंगण झाडायचे. रात्रीत नारळाच्या झावळ्या पडलेल्या असायच्या त्या ओढून बाजूला करायच्या. झाडाखाली उभं राहू नका हं, नारळ कधी पडंल सांगता येत नाही.

मी जाताना वचनांच्या वह्या लिहून नेल्या होत्या, वाटलं आपण शिकवायला चाललो. खरं काम निघालं वेगळंच. कुणाचा बँकेचा फॉर्म भर, कुणाची बीपी बघ, गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून दाखव, ह्यांच्याकडं संध्याकाळी पोरं गणिताला यायची. हार्मिंदर बे ला निकोबारी लोकांची वस्ती आहे, तिथं एक आजी होत्या, दर मंगळवारी त्यांच्याकडं जायचे. त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा तुटकं. दोघी नुसत्या बसायचो. त्यांनी मला नारळ सोलायला शिकवलं, जमिनीत टोकदार सळई रोवलेली असते, नारळ त्यावर आपटायचा आणि मनगट बाहेरच्या बाजूला पिळायचं, सोडण चर्रकन सुटतं. त्या तीन पिळात सोलायच्या, मला दहा लागायचे, शेवटी शेवटी सहावर आले. येताना त्यांनी माझा हात दोन्ही हातात धरला आणि सोडंचनात. सेवा कशाला म्हणतात ते मला तिथं कळलं ताई, वह्या बॅगेत तशाच राहिल्या.

निकोबारी मंडळी आपल्यापेक्षा भक्कम विश्वासाची आहेत हे मनात ठेवूनच जा. त्यांचे बिशप जॉन रिचर्डसन, त्यांनी निकोबारी भाषेत बायबल आणलं, पहिल्या लोकसभेतही ते होते. रविवारी ती मंडळी वेगवेगळ्या सुरांत मिळून गातात तेव्हा अंगावर काटा येतो.

दमटपणा मात्र फार. मीठ ओलं, काडीपेटी ओली, गीताच्या पुस्तकाला बुरशी. कपाटात साधा पिवळा बल्ब लावून ठेवा, एवढ्यानं बरंच भागतं. रात्री चप्पल झटकून घाला, तिथं घोण फार मोठी असते आणि चावली की दोन दिवस माणूस कण्हतं. किनाऱ्यावर बारीक माशा चावतात, खाजवायचं नाही. मगरीचा बोर्ड असेल तिथं पाण्यात पायसुद्धा घालायचा नाही.

पाऊस मे पासून डिसेंबरपर्यंत, वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास, आपल्याकडं 700 पडला तरी पेढे वाटावेत. पण फेब्रुवारी मार्चला तिथंही पाणी जपावं लागतं. आपण 2012-13 चा दुष्काळ काढलेली माणसं, तांदूळ धुतलेलं पाणी मी झाडालाच घालायचे, शेजारची बंगाली वहिनी बघून बघून तीही करायला लागली.

ज्वारी मिळत नाही. भात आणि मासे. पीठ नेऊ नका, पंधरा दिवसात कडू होतं. अख्खी ज्वारी न्या, थोडी थोडी दळून घ्या. भाजीचं असं की मेनलँडहून जहाज आलं की स्वस्त, वादळात बोट बंद झाली की टमाटे दिसतच नाहीत. शुगरच्या गोळ्या तीन महिन्यांच्या जवळ ठेवाच. हट बे ला सरकारी दवाखाना आहे पण मोठं काही झालं तर पोर्ट ब्लेअर, आता श्री विजयपुरम म्हणतात, जहाजानं सात-आठ तास.

औसेकर:
आमची सेवा चर्चची नव्हती, शाळेची होती, मिडल अंदमानात रंगतला. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. तिथं भूकंपाचे बारीक धक्के येतात. आम्ही 30 सप्टेंबर 1993 ची पहाट बघितलेली माणसं, माळवदाचं घर अंगावर आलं होतं, त्यामुळं पहिल्या धक्क्याला आमच्या सौ. अंगणात जाऊन थरथर कापायल्या होत्या. समोरच्या घरातल्या बाई आल्या, त्यांची बहीण 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत गेलेली. दोघी पायरीवर बसल्या उजाडेपर्यंत. त्यानंतर त्या दोघींचं बहिणीसारखं झालं. गेल्या गेल्या उंचावर जायचा रस्ता कोणता ते विचारून घ्या आणि एकदा चालून बघा. मोठा धक्का बसला तर समुद्र बघायला थांबायचं नाही, चालायला लागायचं.

बीडचा धाकटा:
मी मुलाच्या बाजूनं लिहितो. माझे आईबाबा पण असेच गेले होते आणि मी पण भांडलो होतो. काकू, फोन लागतो, 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्रातून केबल आली ती लिटल अंदमानला पण गेलीय, व्हिडिओ कॉल होतो, वादळात तेवढा अडतो. अवघड वाटलं ते एकदाच. आजोबा गेले तेव्हा दोन दिवस जहाज निघालं नाही, बाबांनी स्वतःच्या वडिलांची माती फोनवर बघितली. त्याबद्दल आधीच घरात बोलून ठेवा, कोण काय करणार, वाट बघायची का नाही. आम्ही बोललो नव्हतो आणि ते मला अजून सलतं. बाकी मी एकदा आठ दिवस जाऊन राहिलो, बाबा तिथल्या पोरांना पाढे म्हणायला लावायलेत आणि आई दारात बसून कुणाच्या तरी लेकराच्या जखमेला पट्टी बांधायली, त्यानंतर मी भांडलो नाही. मुलाला एकदा बोलवून घ्या.

गोदाकाठ (जालना):
सगळ्यांचे मनापासून आभार. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. मातीच्या गोष्टीवर दोघं बराच वेळ गप्प बसलो. माझी आई 84 ची आहे, भावाशी आज रात्रीच बोलते. मुलाला पण लिंक पाठवलीय, त्यानं अजून उत्तर दिलं नाही पण वाचलंय एवढं दिसायलंय. हे लगेच उठून मोंढ्यात मालदांडीचा भाव विचारायला गेले. मावशी, वीस किलो न्यायची म्हणतो, त्या दमट हवेत सोंडे नाही का लागत?

परतूरची मावशी:
लागतात. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवून घ्या, उन्हात नको. पाच किलोला दोन मुठी, थरावर थर. डबा पत्र्याचा नको, गंजतो, जाड प्लास्टिकचा घ्या आणि ज्वारी भरायच्या आधी दोन दिवस जालन्याचं कडक ऊन दाखवा तिला. आणि लाकडी काठवटही न्या, तिथं मिळत नाही, मी दोन वर्षं ताटात भाकरी थापली.