तापीकाठची काळी माती आणि जळके दाणे: ज्वारी की बाजरी?

प्रश्न: उत्खननातल्या मातीतले जुने जळके दाणे पाण्यात तरंगवून काढतोय, पण मातीचे गोळे सुटत नाहीत. शिवाय दाणे ज्वारीचे की बाजरीचे, कसं ओळखायचं?

उत्तर १: भाऊ, बादलीत मूठभर खायचा सोडा टाकून रात्रभर भिजवा. चोळू नका, कोळसलेला दाणा फुटतो. तरंगलेलं ०.३ मिमी चाळणीवर घ्या, सावलीतच वाळवा. उन्हात तडे जातात.

उत्तर २: ज्वारी गोलसर, अंकुराचा खळगा साधारण अर्ध्या लांबीचा. बाजरी लहान, एका टोकाला निमुळती, खळगा दाण्याच्या अर्ध्या लांबीहून मोठा. जळताना दाणे फुगतात, म्हणून नुसत्या मापावर विसंबू नका.

उत्तर ३: एक भर घालतो. ही दोन्ही पिकं मूळची आफ्रिकेतली, त्यामुळे ती इकडे कधी पोचली हाच खरा वादाचा मुद्दा. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात, वरचे दाणे खालच्या थरात उतरतात. थराचं वय दाण्याला चिकटवू नका. दाण्याचंच एएमएस (कार्बन-१४ चे अणू थेट मोजणारी, एका दाण्यावरही चालणारी पद्धत) कार्बन वय काढा.