डिस्नेवरचा राग: खरा किती, ऐकीव किती?

शाईची_दौत
डिस्नेचं नाव निघालं की एकाच घरात दोन सूर लागतात. पोरांना सिनेमे हवे असतात आणि मोठी माणसं म्हणतात, ही कंपनी सगळं गिळत चालली आहे. मिकीसाठी अमेरिकेचा कायदा बदलून घेतला, चित्रकारांना पिळलं, थिएटरवाल्यांच्या मानेवर बसली, आजीबाईच्या गोष्टींवरही मालकी सांगते, असे आरोप नेहमी ऐकू येतात. यातलं पुराव्यावर टिकतं काय? आणि एक व्यवहारातला प्रश्न: बालवाडीच्या भिंतीवर मिकी रंगवायचं घाटत आहे. चालेल का?

कलमदान
आधी कायद्याचं बोलू, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते.

मिकीचा 'स्टीमबोट विली' हा सिनेमा नोव्हेंबर 1928 मध्ये पडद्यावर आला. तेव्हा अमेरिकेत 1909 चा कायदा होता: 28 वर्षं कॉपीराइट, म्हणजे नक्कल करण्याचा हक्क फक्त मालकाकडे, आणि नूतनीकरण केलं तर आणखी 28. एकूण 56. म्हणजे 1984 मध्ये तो लोकांचा व्हायला हवा होता. 1976 च्या कायद्याने जुन्या कामांची मुदत 75 वर्षांवर नेली, तेव्हा मिकी 2003 अखेरपर्यंत अडकला. मग ऑक्टोबर 1998 मध्ये आणखी 20 वर्षं वाढली. 95 वर्षं भरली 2023 च्या शेवटी, आणि 1 जानेवारी 2024 ला तो सिनेमा मोकळा झाला.

1998 च्या वाढीसाठी डिस्नेने आपलं वजन वापरलं, हे खरं. पण ती एकटी नव्हती. संगीत प्रकाशक होते, गर्शविन या संगीतकाराचे वारस होते, इतर स्टुडिओ होते. युरोपने 1993 मध्येच लेखकाच्या मृत्यूनंतर 70 वर्षं ही मुदत ठरवली होती, तोही मुद्दा पुढे केला गेला. त्यामुळे 'मिकीचा कायदा' हे नाव सुटसुटीत असलं तरी अपुरं आहे. राग मात्र रास्त आहे. नवं काम व्हावं म्हणून काही वर्षांची मक्तेदारी द्यायची, हा या हक्काचा पाया. 70 वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या कामाची मुदत मागाहून वाढवली तर त्यातून नवं काय निपजणार? 2003 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा 7 विरुद्ध 2 असा ग्राह्य धरला. त्या निकालाने प्रश्नाचं उत्तर मिळालं असं मला वाटत नाही.

चौकट_चोवीस
चित्रकारांचा आरोप कागदोपत्री सिद्ध आहे आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर तोच आहे. लोक मात्र मिकीवरच अडकून पडतात.

मे 1941 चा संप प्रसिद्ध आहे. आर्ट बॅबिट हा वरच्या फळीतला अॅनिमेटर संघटनेच्या कामामुळे नोकरीतून काढला गेला आणि लोक बाहेर पडले. पगारात कमालीची तफावत होती, श्रेयनामावलीत बहुतेकांची नावं नसत. पण ते जुनं झालं. अलीकडचं बघा. पिक्सार आणि लुकासफिल्म (दोन्ही स्टुडिओ आता डिस्नेच्याच मालकीचे) यांच्यात एकमेकांची माणसं न फोडण्याची समजूत होती. तिच्या तीन अटी: समोरच्याच्या माणसाला आपणहून फोन करायचा नाही, त्याला नोकरी देऊ केली तर त्याच्या कंपनीला कळवायचं, आणि त्या कंपनीने पगार वाढवून त्याला थोपवलं तर आपण आकडा आणखी वाढवायचा नाही.

कारागिराला यात कसं नागवलं जातं ते समजून घ्या. या धंद्यात पगार वाढतो तो मुख्यतः दुसरीकडून बोलावणं आलं म्हणून. बोलावणंच बंद केलं की माणूस वर्षानुवर्षं त्याच पायरीवर राहतो आणि त्याला कारणही कळत नाही. 2010 मध्ये अमेरिकी न्याय खात्याने हे बंद करायला लावलं. नंतर अॅनिमेशन कामगारांच्या सामूहिक दाव्यात डिस्ने, पिक्सार आणि लुकासफिल्म यांनी मिळून 10 कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दुसऱ्या स्टुडिओंपैकी ड्रीमवर्क्सने 5 कोटी दिले, सोनी आणि ब्लू स्कायनेही दिले. म्हणजे खोट एकट्या डिस्नेची नव्हती, पण सगळ्यात मोठी रक्कम तिकडूनच आली.

आणि 2019 मध्ये 7,130 कोटी डॉलरना फॉक्स ही सिनेमा कंपनी घेतल्यावर तिचा तोच ब्लू स्काय स्टुडिओ डिस्नेकडे आला, नि एप्रिल 2021 मध्ये बंद झाला. अॅनिमेटरला दार ठोठवायला जागा आणखी एकाने कमी झाली. (त्याच सौद्यात स्टार इंडिया आली, म्हणजे आपलं स्टार प्रवाहसुद्धा. नोव्हेंबर 2024 मध्ये रिलायन्सबरोबर भागीदारी झाली, त्यात डिस्नेचा वाटा 36.84 टक्के.)

तिकीटबारी
थिएटरचं थोडक्यात. 2017 च्या डिसेंबरात आलेल्या 'स्टार वॉर्स'साठी डिस्नेने अमेरिकेतल्या थिएटरांकडून तिकिटाच्या उत्पन्नाचा 65 टक्के हिस्सा मागितला. शिवाय सगळ्यात मोठ्या पडद्यावर सलग चार आठवडे सिनेमा ठेवायचा, आणि अट मोडली तर आणखी 5 टक्के. दहा पडद्यांच्या मल्टिप्लेक्सला हे झेपतं. लहान गावातल्या एकपडदा थिएटरला नाही: तिथे दुसऱ्या आठवड्यातच गाव बघून संपतं आणि उरलेले दिवस खुर्च्या रिकाम्या. प्राइम टाइमसाठी मराठी सिनेमाची होणारी ओढाताण पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

शाईची_दौत
धन्यवाद, बरंच सुटं झालं. पण भिंतीचं राहिलं. 'जुना मिकी आता फुकट' असं रंगारी म्हणतो.

कलमदान
कोणता मिकी, ते आधी बघा. अमेरिकेपुरता हिशेब सोपा आहे: प्रकाशनाच्या वर्षात 96 मिळवा, त्या वर्षीच्या 1 जानेवारीला ते काम मोकळं होतं. 1928 चा मिकी काळा-पांढरा, डोळे म्हणजे नुसते काळे लंबगोल, हातमोजे नाहीत. पांढरे हातमोजे 1929 मध्ये आले, म्हणून ते 2025 मध्ये सुटले. बुबुळं असलेले डोळे आणि गुबगुबीत चेहरा 1939 चा, म्हणजे 2035. बाजारात मिळणाऱ्या स्टेन्सिलवर बहुतेक हाच शेवटचा मिकी असतो. रंगाऱ्याचा घोटाळा तिथे होतो.

भारतात नियम वेगळे. सिनेमाचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं, चित्राचा मात्र चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, आणि ते वेगवेगळे मोजतात. याउपर ट्रेडमार्क, म्हणजे कंपनीची ओळख सांगणारं चिन्ह, आहेच. त्याची नोंदणी 10 वर्षांची असते, पण दर वेळी नूतनीकरण करून ती कितीही चालवता येते. बालवाडीचं नाव, पाटी, पावती, गणवेश यांवर मिकी आला की 'ही डिस्नेची शाखा' असा समज होऊ शकतो, तेव्हा तिथे तर नकोच.

फ्लोरिडातल्या हॅलंडेल गावी 1989 मध्ये डिस्नेने तीन पाळणाघरांना भिंतीवरची चित्रं पुसायला लावली. लोक इतके चिडले की प्रतिस्पर्ध्यांनी पुढे होऊन आपली पात्रं रंगवून दिली. अशा वेळी कंपनीचा बचाव असतो की एकाला सोडलं तर हक्कच जातो. कॉपीराइट असा जात नाही. ट्रेडमार्क ढिला पडू शकतो, पण नाममात्र शुल्कात लेखी परवानगी दिली तर तेही टळतं. पुसायला लावणं हा एकच मार्ग नव्हता, आणि म्हणूनच ते लोकांना इतकं लागलं.

तुमच्या भिंतीसाठी माझं मत: हिमगौरी घ्या. गोष्ट ग्रिम बंधूंच्या संग्रहातली, कोणाच्याही मालकीची नाही. फक्त डिस्नेचा पोशाख टाळा, म्हणजे निळी चोळी, पिवळा घागरा आणि केसांतली लाल फीत. सात बुटक्यांची सिनेमातली नावंही चितारू नका, ती 1937 च्या सिनेमासाठी ठेवलेली आहेत. ग्रिमच्या गोष्टीत बुटक्यांना नावं नाहीतच. मुलांनाच ठेवू द्या, आणि रंगाऱ्याला म्हणावं, नावाच्या पट्ट्या कोऱ्या सोड.