क्वाड रॉडची अणुभट्टी खरोखर कार्यक्षम म्हणावी का?

आंबिया बहार (धागाकर्ता)

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांच्या संगणक-खेळात इंडस्ट्रिअलक्राफ्ट २ हा मॉड (खेळात यंत्रे आणि अणुभट्ट्या आणणारी भर) घालून आमच्या गावातले सहा-सात जण माझ्या घरच्या जुन्या संगणकावर चालणाऱ्या सर्व्हरवर खेळतात. गेल्या आठवड्यात आमच्यातल्या एकाने भट्टीत एक क्वाड रॉड (चार युरेनियम रॉडांचा जोड) आणि त्यापासून दूर-दूर पाच ओव्हरक्लॉक्ड व्हेंट (उष्णता बाहेर टाकणारे जोरकस भाग) बसवले, दर व्हेंट सेकंदाला वीस उष्णता बाहेर टाकतो म्हणून पाच गुणिले वीस म्हणजे शंभर असा हिशेब मांडला, आणि रॉडची उष्णता सेकंदाला ९६ असल्याने भट्टी सुरक्षित आहे असे जाहीर करून तो चहा घ्यायला उठला. चार मिनिटांत भट्टी, तिच्या शेजारचे कोठार आणि माझी अर्धी संत्र्याची बाग (खेळातली; खरी अजून उभी आहे) यांच्या जागी खड्डा पडला होता.

चूक कुठे झाली ते मला नंतर उमगले. ओव्हरक्लॉक्ड व्हेंट बाहेर २०च टाकतो, पण भट्टीच्या कवचातून ओढतो मात्र ३६. उरलेली १६ दर सेकंदाला त्याच्याच पोटात साचते, आणि त्याची क्षमता १००० असल्यामुळे पहिले दोन व्हेंट मिनिटभरात जळतात. पुढचे एकामागून एक जातात, शेवटी ९६च्या ९६ उष्णता कवचावर येते, आणि कवच १०,००० पलीकडे सोसत नाही.

माझा मुद्दा मात्र या अपघातापुरता नाही. सुटा रॉड ५ ईयू प्रति टिक (ईयू हे खेळातले विजेचे एकक, टिक म्हणजे सेकंदाचा विसावा भाग) वीज आणि सेकंदाला ४ उष्णता देतो. क्वाड रॉडमध्ये चार रॉड मिळून ६० ईयू आणि ९६ उष्णता होते. म्हणजे तेवढ्याच युरेनियमवर वीज तिप्पट मिळते हे खरे, पण विजेच्या प्रत्येक एककामागे निस्तरावी लागणारी उष्णता दुप्पट होते, आणि या दुसऱ्या निम्म्या हिशेबाकडे कोणी पाहत नाही. त्याऐवजी भट्टीला एक चेंबर (जादा कप्पा) जोडून मिळणाऱ्या २४ खान्यांत बुद्धिबळाच्या पटासारखे १२ सुटे रॉड आणि १२ साधे व्हेंट मांडले, तर वीज तीच ६० ईयू मिळते, उष्णता ४८ होते, व्हेंटांची ताकद ७२ असते आणि कवचापर्यंत काहीच पोहोचत नाही. जिथे लाईट केव्हा जाईल आणि भट्टीजवळ कोण असेल याची खात्री नाही, तिथे मी याच भट्टीला कार्यक्षम म्हणेन.

पऱ्हाटी

भाऊ, एका माणसाने बेरीज चुकवली म्हणून क्वाड रॉडला दोष देणे म्हणजे फवारणीचे प्रमाण चुकले म्हणून कपाशीलाच नावे ठेवण्यासारखे आहे. ओव्हरक्लॉक्ड व्हेंटच्या चारही बाजूंना कंपोनंट व्हेंट (शेजारच्या भागांतली उष्णता काढणारा) लावला की प्रत्येक जण त्यातून ४ उष्णता काढतो; वीस अधिक सोळा बरोबर छत्तीस, म्हणजे जेवढे ओढले तेवढे बाहेर गेले. ज्याने हा मॉड रचला त्याने ते आकडे उगाच जुळवलेले नाहीत. मी अशी भट्टी चेंबर न जोडता मूळच्या १८ खान्यांत बसवली आहे: कोपऱ्यात क्वाड रॉड, मधल्या उभ्या ओळीत एक-एक खाना सोडून तीन ओव्हरक्लॉक्ड, आणि त्यांच्या भोवती नऊ कंपोनंट व्हेंट. पाच खाने तर रिकामेच राहिले.

आता तुमच्या पटाचा हिशेब पाहू. रॉड सुटा असो की क्वाड, तो २०,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेपाच तास चालतो. तेवढ्या वेळात तुम्ही १२ रॉडचे युरेनियम जाळता आणि मी ४चे, आणि वीज दोघांची सारखीच. व्हेंटांना लागणारे तांबे, सोने, लोखंड आणि कथील एकदाच खर्च होते, कारण जास्त तापू न दिलेला व्हेंट झिजत नाही. युरेनियम मात्र दर खेपेला खाणीत उतरून आणावे लागते. विहीर एकदा खणायची असते आणि डिझेल रोज भरायचे असते. यांपैकी कुठे काटकसर करावी हे आपल्या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

आंबिया बहार

विहिरीचा दाखला मान्य आहे, आणि युरेनियमच्या बाबतीत मी कमी लिहिले हेही मान्य. पण तुमच्या मांडणीत चूक झाली तर ती सोसायला जागा किती आहे ते सांगा. त्या तीन ओव्हरक्लॉक्डपैकी पहिल्याच्या शेजारचा एक कंपोनंट व्हेंट कोणी चुकून उचलला, तर त्या ओव्हरक्लॉक्डमध्ये सेकंदाला ४ उष्णता साचू लागेल आणि अडीचशे सेकंदांत तो जळेल. माझ्या पटावरचा एखादा व्हेंट काढला तर शेजारचे व्हेंट ती उष्णता वाटून घेतात आणि भट्टी चालत राहते. आमच्या सर्व्हरवर आठवीतली दोन मुले आहेत, आणि ती उघड्या खान्यातली वस्तू “पाहण्यासाठी” उचलतात, एवढेच सांगतो.

रातपाळीची मोटार

दोघांचेही आकडे बरोबर आहेत आणि दोघेही खरी नासाडी पाहत नाहीत, असे मला नम्रपणे वाटते. या मॉडमधील भट्टी विजेची गरज आहे की नाही हे विचारत नाही. रेडस्टोनचा (खेळातल्या तारेसारख्या भुकटीचा) चालू-सिग्नल मिळत आहे तोवर ती रॉड जाळत राहते, आणि साठवण भरली असेल तर पुढची वीज वाया जाते. एमएफएसयू या वीज साठवणाऱ्या ठोकळ्यात ४ कोटी ईयू मावतात. ६० ईयूच्या भट्टीला तो रिकाम्यापासून भरायला सव्वानऊ तास लागतात. त्यानंतरचा प्रत्येक रॉड, सुटा असो वा क्वाड, फुकट जातो.

आमच्या शिवारात कृषिपंपाची लाईट आठवडा-आठवड्याने रात्रीची असते, म्हणून बहुतेकांनी मोटारीला ऑटो स्टार्टर लावला आहे. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि मालक घरी झोपलेला असतो. गेल्या हिवाळ्यात मी पहाटे शेतात गेलो, तेव्हा हरभऱ्याच्या वाफ्यांतून पाणी बांध फोडून शेजाऱ्याच्या तुरीत शिरले होते. मोटार उत्तम कंपनीची होती, पाण्याच्या एकेका लिटरमागे वीजही कमीच खात असेल, पण पाणी पुरे झाले हे तिला सांगणारे कोणी नव्हते. तुमच्या दोन्ही भट्ट्यांची गत हीच आहे. एमएफएसयू भरल्यावर रेडस्टोन सिग्नल देण्याची सोय त्यातच आहे. तो सिग्नल रेडस्टोन टॉर्चने उलटा करून भट्टीला जोडा, म्हणजे साठवण भरताच भट्टी थांबेल.

पऱ्हाटी

स्विच हवा याला माझा विरोध नाही, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. स्विच लावलेल्या दोन भट्ट्यांमध्येही एक तिप्पट युरेनियम खाणारच. उलट भट्टी मधूनमधून थांबत असेल तर माझ्या घट्ट मांडणीला विसावाच मिळतो, त्यामुळे तुमचे म्हणणे माझ्याच बाजूने पडते.

वाळ्याची ताटी

एक सावधगिरीची गोष्ट, कारण स्विचवर सगळा भरवसा ठेवायचे चालले आहे. खेळातले जग १६ गुणिले १६ च्या चंकमध्ये विभागलेले असते आणि जवळपास कोणी नसेल तर चंक स्मृतीतून उतरवले जातात. भट्टी एका चंकमध्ये आणि तिचा स्विच व एमएफएसयू पलीकडच्या चंकमध्ये असेल, तर पलीकडचे उतरल्यावरही भट्टी शेवटच्या सिग्नलवर चालत राहू शकते. एफ ३ आणि जी ही बटणे एकत्र दाबली की चंकच्या सीमा दिसतात. सगळे सामान एकाच सीमेत बसवा.

आणि पऱ्हाटी भाऊ, विसावा मिळतो हे तुमचे म्हणणे फसवे आहे. कंपोनंट व्हेंट कमी पडला आणि भट्टी सलग चालली, तर स्विच असूनही ओव्हरक्लॉक्ड व्हेंट जळतोच. मे महिन्यात कूलरमध्ये कितीही वाळा भिजवा, समोरची खिडकी बंद असेल तर खोलीत दमटपणाच साचतो, आणि कूलर तासभर बंद ठेवून पुन्हा लावला म्हणून खिडकी उघडत नाही.

आंबिया बहार

चंकची गोष्ट मला ठाऊक नव्हती. काल पाहिले तर आमचा एमएफएसयू सीमेच्या पलीकडे तीन ब्लॉक निघाला, तो आधी हलवतो. पट मी तूर्त ठेवणार आहे, कारण पेटीत युरेनियम पुरेसे आहे आणि मुले आठवीतच आहेत. पऱ्हाटी भाऊंनी आपल्या १८ खान्यांची मांडणी ओळीनुसार लिहून दिली, तर दूरच्या टेकडीवर, बागेपासून निदान शंभर ब्लॉक लांब, ती एकदा पूर्ण साडेपाच तास चालवून पाहायला मी तयार आहे. मध्ये एक कंपोनंट व्हेंट मी स्वतः उचलीन.

पऱ्हाटी

मांडणी आज रात्री लाईट राहिली तर लिहितो. व्हेंट उचलणार असाल तर घड्याळ लावून उचला, आणि दोनशे सेकंदांच्या आत परत ठेवा.